सायकलने रस्त्याच्या नेमक्या कोणत्या भागातून जावे?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात धायरीहून शिवाजीनगरला रोज सायकलने कामावर जाताना घरचे ‘अगदी कडेने जा’ म्हणून बजावतात, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून तेच सुचवतो, आणि सोबतचे जुने सायकलस्वार मात्र ‘लेन घे’, म्हणजे कडेने न जाता लेनच्या मध्यावरून चाल, असे सांगतात; यांपैकी कायद्याला धरून काय आहे आणि सुरक्षित काय आहे? रविवारी साताऱ्याच्या दिशेने महामार्गावर जाताना काय करावे, हेही तुम्ही विचारले आहे. शहरातील सायकलस्वारांना रस्त्यावर चालवायला शिकवणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो. डाव्या बाजूनेच जायचे आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र डावी बाजू म्हणजे डांबराची शेवटची वीतभर पट्टी असा अर्थ कायद्यातही नाही आणि व्यवहारात तो धोक्याचा आहे.

आधी कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत पायडल मारून चालवायची सायकल बसत नाही. त्यामुळे परवाना, नोंदणी, विमा किंवा हेल्मेटची सक्ती यांपैकी काहीही तुम्हाला लागू होत नाही. (हेल्मेट घालावेच, पण तो वेगळा विषय आहे.) यावरून सायकलला कोणताच नियम नाही असा सोयीचा अर्थ पुष्कळजण काढतात, तो चुकीचा आहे. आपल्या राज्यात सायकलस्वाराला बांधणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, ज्याला जुनी मंडळी अजूनही मुंबई पोलीस कायदा म्हणतात. त्यातील ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत सायकलचा नाव घेऊन समावेश केलेला आहे. त्याच्या कलम ९९ चा आशय असा की, प्रत्यक्ष गरज किंवा पुरेसे कारण असल्याखेरीज वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने न्यावे आणि त्याच दिशेने जाणाऱ्या दुसऱ्या वाहनाला ओलांडताना त्याच्या उजव्या बाजूने जावे. कलम १०३ प्रमाणे पदपथावर वाहन चालवण्यास मनाई आहे. त्यातून सूट आहे ती लहान मुलांच्या बाबागाडीला, सायकलला नाही. याशिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेतील २७९, बेदरकारपणे कोणतेही वाहन चालवणाऱ्याला लागू होते, आणि त्यातही सायकलला वेगळी वागणूक नाही.

कलम ९९ मधील ‘पुरेसे कारण’ हे शब्द लक्षात ठेवा. खड्डा, उघडे चेंबर, उभी मोटार, डावीकडे फुटणारा रस्ता, उजवीकडे घ्यायचे वळण ही सगळी माझ्या मते पुरेशी कारणे आहेत, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातील बहुतेक भाग या कारणांविषयीच आहे. मोटार चालवणाऱ्यांसाठीचे केंद्रीय नियमही, पूर्वी १९८९ चे आणि आता २०१७ चे, डावी बाजू धरायला सांगताना शक्य आणि सोयीस्कर असेल तितकीच धरायला सांगतात. कडेला घासून चालण्याचा हुकूम कोणालाच दिलेला नाही.

आता कडेने गेल्यास काय होते, ते मोजून पाहू. शहरातील रस्त्याची एक लेन प्रमाणानुसार साडेतीन मीटर रुंद असते. बसची रुंदी अडीच मीटरच्या थोडी वर जाते. सायकलचे हँडल साठ-सत्तर सेंटिमीटरचे असले, तरी पायडल मारताना होणारी डुगडुग धरून सायकलस्वाराला जवळजवळ एक मीटर जागा लागते. तुम्ही कडेपासून पाऊण मीटरवर चालत आहात असे समजा. तुमचा उजवा खांदा आणि डुगडुग मिळून सव्वा मीटर गेले. त्यापलीकडे निदान एक मीटर मोकळे सोडावे अशी अपेक्षा ठेवली आणि पावणेदोन मीटरची साधी मोटार त्यात मिळवली, तर बेरीज चार मीटर होते. याचा अर्थ साध्या मोटारीलासुद्धा तुमच्याच लेनमध्ये राहून तुम्हाला सुरक्षितपणे ओलांडता येत नाही. बसचा तर प्रश्नच उद्भवत नाही. तुम्ही आणखी वीतभर डावीकडे सरकलात, तरी हे गणित सुटत नाही. बदलते ते फक्त मागच्या चालकाचे अनुमान: तुम्ही कडेला असलात की त्याला वाटते, निघेल गाडी. तो वेग कमी न करता, लेन न बदलता पुढे घुसतो आणि त्याचा आरसा तुमच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून जातो. तुम्ही लेनमध्ये थोडे आत असलात, तर शेजारची लेन मोकळी होईपर्यंत थांबायचे की नाही, हा निर्णय त्याला आधीच, लांबूनच घ्यावा लागतो.

म्हणून मी दोन जागा शिकवतो. पहिली नेहमीची जागा: वाहत्या रहदारीच्या डाव्या अंगाला, पण कडेपासून पाऊण ते एक मीटर आत. दुसरी लेनच्या मध्यावरची जागा: जिथे कोणी मागून ओलांडणे धोक्याचे आहे, अशा थोड्या अंतरापुरती. ब्रिटनमध्येही वाहतूक डावीकडून चालते, म्हणून तिथल्या ‘हायवे कोड’चा, म्हणजे रस्ता वापरण्याच्या अधिकृत नियमावलीचा, आपल्याला थेट उपयोग होतो. २९ जानेवारी २०२२ पासून त्यात स्पष्ट लिहिलेले आहे की शांत रस्त्यावर, संथ रहदारीत आणि चौकाजवळ येताना सायकलस्वाराने लेनच्या मध्यातून जावे. वेगवान वाहनांच्या वर्दळीच्या रस्त्यावर कडेपासून किमान अर्धा मीटर आणि उभ्या मोटारींपासून दाराच्या रुंदीइतके, म्हणजे सुमारे एक मीटर अंतर राखावे. ते नियम आपल्याला लागू नाहीत. पण अर्धा मीटर हा आकडा तिथल्या गुळगुळीत कडेसाठी आहे, हे विसरू नये. आपल्याकडे त्या अर्ध्या मीटरात पावसाळी गटाराची जाळी असते आणि तिच्या पट्ट्या अनेकदा चाकाच्याच दिशेने बसवलेल्या असतात. डांबराचे थर चढत गेल्यामुळे चेंबरचे झाकण खोल राहिलेले असते. काँक्रीटच्या रस्त्याला लागून पेव्हर ब्लॉक असतात, आणि दोहोंमधील फटीत बारीक टायर अलगद अडकतो. वाळू, काचा आणि बाभळीचे काटेही तिथेच साचतात. कडेने जाणाऱ्याला हे सगळे चुकवायला दर थोड्या अंतरावर एकदम उजवीकडे यावे लागते, आणि मागच्याला अंदाज न देता असे एकदम आत येणे, हीच सायकलस्वाराच्या हातून होणारी सर्वांत घातक गोष्ट आहे. सरळ रेषेत, अंदाज येईल अशा रीतीने चालता येईल इतकी जागा डावीकडे ठेवूनच आपली रेषा ठरवावी.

तुमच्या वाटेवर फर्ग्युसन रस्ता येत असेल. तो एकेरी आहे आणि कडेला मोटारी उभ्या असतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीचे चालकाचे दार तुमच्या बाजूला उघडते. मागे कोणी बसले आहे की नाही याने फरक पडतो, पण चालकाचे दार सगळ्याच मोटारींना असते. ते मीटरभर बाहेर येते आणि हँडलला लागले, तर सायकल उजवीकडे, म्हणजे वाहत्या रहदारीत पडते. उभ्या मोटारींच्या रांगेपासून मीटर-सव्वा मीटर लांब राहा आणि मध्ये दोन-तीन मोटारींची मोकळी जागा दिसली तरी आत शिरू नका. पुन्हा बाहेर यावेच लागते. मागच्या काचेतून चालकाच्या जागी डोके दिसते का, ब्रेकचा दिवा नुकताच विझला का, पुढचे चाक वळलेले आहे का, हे पाहत जाण्याची सवय लावून घ्या.

सिंहगड रस्त्यावर बसची गाठ वारंवार पडेल. पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेची, बस थांब्यावर क्वचितच पदपथाला टेकून उभी राहते. कडेला सायकलपुरती फट राहते आणि ती मोहात पाडते. त्या फटीत कधीही जाऊ नये. उतरणारा प्रवासी तिथेच उडी मारतो, चढणारा तिथेच धावतो. शिवाय ओलांडायचे ते उजवीकडून, हे कलम ९९ मध्ये सांगितलेलेच आहे. मागे पाहा, उजवा हात दाखवा आणि बसपासून मीटरभर अंतर ठेवून पुढे जा. बसचा उजवा इंडिकेटर लागलेला असेल, तर मागे थांबा. अर्धा मिनिट जाईल, जाऊ द्या.

आता चौक. शहरात सायकलस्वाराचा सर्वांत गंभीर अपघात डावीकडे वळणाऱ्या अवजड वाहनाखाली होतो, म्हणून इथे जरा थांबतो. सिग्नलला काँक्रीट मिक्सर किंवा डंपर उभा आहे असे डोळ्यांसमोर आणा. चालक उजव्या खिडकीत, डोक्याच्या कितीतरी वर बसलेला असतो. केबिनच्या डाव्या दाराखाली, पुढच्या चाकाजवळ उभा असलेला सायकलस्वार त्याला खिडकीतून दिसत नाही, आरशातही बऱ्याचदा दिसत नाही. क्लीनर सोबत असेल तर तो हात बाहेर काढून दारावर थाप मारतो, पण तो असेलच असे नाही. सिग्नल सुटतो. वळताना पुढचे चाक रुंद वळसा घेते आणि मागची चाके मात्र आतून, कोपऱ्याला घासून जातात. पुढचे चाक आपल्यापासून लांब गेले म्हणून सायकलस्वार निर्धास्त होतो, तेवढ्यात मागची चाके त्याच्या जागेवर येतात. पदपथाचा कठडा डावीकडे असल्यामुळे पळायलाही जागा राहत नाही. म्हणून अवजड वाहनाच्या डाव्या अंगाने पुढे सरकायचे नाही, मग पुढे कितीही जागा दिसो. त्याच्या मागे, लेनच्या मध्यावर उभे राहा, किंवा सिग्नल लाल व्हायच्या आधीच पुढे असाल तर त्याच्या बरेच पुढे, चालकाला समोरच्या काचेतून दिसाल असे उभे राहा. आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही असेच समजा.

सिग्नल नसताना हाच धोका लहान रूपात येतो. तुम्हाला सरळ जायचे आहे आणि डावीकडे रस्ता फुटतो. तुम्ही कडेला असलात, की मागची मोटार तुम्हाला ओलांडते आणि लगेच तुमच्या पुढ्यात डावीकडे वळते. तिचा चालक दुष्ट नसतो; कडेने जाणारी सायकल डावीकडेच वळणार, असे त्याने गृहीत धरलेले असते. फाटा येण्याच्या तीस-चाळीस मीटर आधी मागे पाहून लेनच्या मध्यावर या, फाटा मागे पडला की पुन्हा आपल्या जागी जा. जिथे डावीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळी मोकळी वाट आहे, तिथे सरळ जाणाऱ्याने त्या वाटेच्या उजव्या बाजूला असणे अत्यावश्यक आहे.

उजवीकडे वळायचे असेल आणि रहदारी संथ असेल, तर एकेक लेन ओलांडत, प्रत्येक वेळी मागे पाहून व हात दाखवून दुभाजकाकडे जावे. मोठ्या, वेगवान चौकात मात्र असे करण्याचे धाडस नवख्याने करू नये. सरळ पलीकडे जाऊन डाव्या कोपऱ्यावर थांबावे, सायकल वळवावी आणि तिकडचा सिग्नल मिळाला की निघावे. यात एक सिग्नल जास्त लागतो. नेहमी चालवणारेही गर्दीच्या वेळी हाच मार्ग पत्करतात, त्यात कमीपणा काही नाही.

उलट दिशेने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने जाणारे लोक अजून भेटतात. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला ही सवय ठीक आहे, कारण तो संथ असतो आणि बाजूला उडी मारू शकतो. सायकल ताशी २० किलोमीटरने आणि मोटार ५० ने जात असेल, तर मागून येणारी मोटार तुमच्याकडे ताशी ३० च्या वेगाने येते, समोरून येणारी ७० च्या. पन्नास मीटरचे अंतर पहिल्या प्रकारात सहा सेकंदांत सरते, दुसऱ्यात अडीच सेकंदांच्या आसपास. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक उजवीकडे पाहत असतो. तुम्ही त्याच्या डावीकडून येता. कायद्याने चूक तुमची ठरते आणि नुकसानभरपाईच्या दाव्यातही तीच पुढे येते. जंगली महाराज रस्त्यावर एकेरीच्या उलट जाणाऱ्या सायकलींनाही हेच लागू आहे.

सायकल ट्रॅकविषयी स्पष्ट बोलतो. ट्रॅक सलग, मोकळा आणि चालवण्याजोगा असेल तर तो जरूर वापरावा. मोटार आणि दुचाकी चालकांना त्यावर येण्यास नियमांनी मनाई आहे. पुण्यात सातारा रस्ता, सोलापूर रस्ता अशा ठिकाणी ट्रॅक बांधले गेले, पण त्यांचा मोठा भाग पदपथाच्या पातळीवर आहे. मध्येच झाड, विजेचा डीपी, बसथांबा किंवा उभ्या दुचाकी येतात, आणि प्रत्येक चौकात तो संपून सायकलस्वाराला उतारावरून थेट रहदारीत सोडतो. अशा ट्रॅकवरून दर शंभर मीटरला आत-बाहेर करण्यापेक्षा रस्त्यावर एका रेषेत राहणे अधिक सुरक्षित, असे माझे मत आहे, आणि अडवलेला ट्रॅक हे रस्त्यावर येण्याचे पुरेसेच कारण म्हटले पाहिजे. पदपथावर मात्र सायकल चालवू नका. अगदीच अडचण असेल तेथे उतरून हातात धरून न्या.

आता तुमचा रविवार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलला प्रवेशच नाही, पण साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर जाता येते. तिथे कडेच्या पांढऱ्या रेषेबाहेर दीड मीटरच्या आसपास पक्की डांबरी पट्टी बऱ्याच लांबीत मिळते. तीच तुमची जागा. त्या पट्टीतही अगदी बाहेर न जाता पांढऱ्या रेषेपासून अर्धा मीटर डावीकडे राहावे, कारण फुटलेल्या टायरच्या तारा आणि काचा बाहेरच्या भागात साचतात. पांढऱ्या रेषेवरून मात्र चालवू नका. पावसात तो रंग तेलासारखा निसरडा होतो. पट्टीवर ट्रक उभा दिसला की निदान शंभर मीटर आधी मागे पाहा, रहदारीत मोकळी जागा हेरा आणि मगच बाहेर या. जागा मिळाली नाही तर ट्रकच्या मागे थांबा. त्याच पट्टीवरून समोरून दुचाकी येतात. त्या चुकवायला तुम्ही उजवीकडे, वाहत्या लेनमध्ये सरकू नका; वेग कमी करा, गरज पडल्यास थांबा आणि त्यांना वळसा घेऊ द्या.

महामार्गावरून डावीकडे सेवा रस्त्याला उतरणारी वाट फुटते, तिथे पट्टीवरून सरळ जाणारी सायकल ताशी ऐंशीने उतरणाऱ्या मोटारीच्या आडवी येते. रहदारी कमी नसेल तर सायकलने सेवा रस्त्यालाच उतरावे, पुलाखालून जावे आणि पुढे पुन्हा वर यावे. परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराबाबत तर मी कोणालाही मुख्य मार्गावर राहण्याचा सल्ला देत नाही. तिथे ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांचे अपघात वारंवार झालेले आहेत, आणि तुम्ही कोणत्या जागी चालत आहात याने अशा वेळी काही फरक पडत नाही.

घाटात चढताना आणि उतरताना जागा वेगळी असते. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा जुना घाट चढत असाल तर असे करा. वेग कमी असल्यामुळे डावी बाजू धरावी, पण डांबराची कड तुटलेली असते आणि खालची साइडपट्टी चार-सहा इंच खोल असते, म्हणून तिथून हातभर आत. घाट उतरताना तुमचा वेग मोटारींच्या जवळ जातो. तेव्हा लेनच्या मध्यावर असावे, म्हणजे वळणावर कोणी शेजारी घुसत नाही आणि खड्डा चुकवायला दोन्ही बाजूंना जागा राहते. गटाने जात असाल, तर घाटात आणि पट्टी नसलेल्या रस्त्यावर एकामागोमाग एक चला, आणि सहा-आठ जणांनंतर मोटार मध्ये मावेल एवढे अंतर सोडा.

अंधारात मागचा लाल दिवा आणि परावर्तक यांशिवाय वरील कशालाही अर्थ राहत नाही, कारण जागा कितीही योग्य असली तरी ती दुसऱ्याला दिसावी लागते. गळिताच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात पहाटे निघणार असाल, तर उसाच्या ट्रॉलीविषयी एक सूचना: ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असे नाही आणि उसाचे शेंडे दोन्ही बाजूंना हातभर बाहेर लोंबत असतात. तिला ओलांडताना नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा आणि तिच्या मागेमागे, आडोशाला चालवू नका. वरून निसटलेली मोळी थेट समोर पडते.

शेवटी भरपाईविषयी, कारण रस्त्यावरच्या जागेचा तिच्याशी संबंध येतो. मोटार वाहनाने धडक दिल्यास तुम्ही त्या वाहनाच्या विम्याच्या दृष्टीने त्रयस्थ पक्ष (थर्ड पार्टी) असता आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा करू शकता. तेथे विमा कंपनीचा वकील बहुधा सायकलस्वाराचाही निष्काळजीपणा होता असे मांडतो, आणि ते मान्य झाले तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. अपघातानंतर शक्य असेल तर सायकल हलवण्याआधी ती कुठे पडली आहे, कडेपासून किती अंतरावर, शेजारी खड्डा किंवा उभे वाहन होते का, हे दिसेल असे छायाचित्र कोणाकडून तरी काढून घ्या, आणि पंचनाम्यात डावी बाजू सोडण्याचे कारण नोंदवले जाईल याकडे लक्ष द्या. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय योजनेनुसार मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी पोलिसांत नोंद आणि रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत.